घोड्यावरचा फ्रीज

दाजी, तुमची बातमी अकरा ओळींची झाली. मीच केली. शवविच्छेदनाचा कागद मिळायची वाट बघत दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, तिथंच मोबाइलवर टाइप करून ऑफिसला पाठवली. वय, गाव, तालुका, वेळ. हत्यारं : काठ्या, दगड, लोखंडी पाइपचा तुकडा. कवटीला मागून तडा, डावीकडच्या पाच बरगड्या मोडलेल्या, उजव्या हाताची तीन बोटं चिरडलेली. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं. सव्वीस वर्षांची सवय आहे.

तुमच्या आधीच्या दोन मारहाणींना मी चार-चार ओळी दिल्या होत्या. पहिल्या वेळी हरभऱ्यात मेंढरं शिरली म्हणून खांद्याचं हाड मोडलं तुमचं. गळ्यात झोळी बांधून तुम्ही पेपर मागवलात, धाकट्या भावाकडून वाचून घेतलात आणि मला फोन केलात. "पाव्हणं, चार वळीत मावलो का म्या?" मी म्हणालो, त्या दिवशी जाहिराती जास्त होत्या. दुसऱ्या वेळी कुऱ्हाडीनं तुमचा कुत्रा तोडला. मानेवर घाव बसूनही तो अर्धा तास जिवंत होता आणि तुम्ही दगडानं त्याचं संपवलंत. ती बातमी मी मारणाऱ्यांच्या नावानिशी दिली. दोन दिवसांनी तुम्ही उमरग्याच्या ऑफिसात आलात, खांद्यावर घोंगडी, पायाला शेण. खुर्ची दिली तरी बसला नाहीत.

"वळी वाढवा, नावं काढा," म्हणालात. "नावं छापून तुमी बसता हितं पंख्याखाली. म्या त्याच वाटनं माघारी येणार हाय."

मी म्हणालो, नावाशिवाय बातमी होत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग कशाला करता?" तो वाद तिथंच राहिला. या वेळी ओळी वाढल्या. आणि या मजकुरात मी एकही नाव घालणार नाही. जिथं घडलं त्या गावाचंही नाही, तुमचंही नाही.

त्या अकरा ओळींत फ्रीज हा शब्द नाही. 'इलेक्ट्रॉनिक साहित्य' असं लिहिलं मी. हे लिहितोय ते त्या दोन शब्दांमुळं.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तुमच्याबरोबर एकतीस वर्षं चालली. दिवाळीनंतर लोहारा तालुक्यातल्या तुमच्या गावातून निघायचं, दीडशेच्या वर मेंढरं, दोन घोडे, चार कुत्री, एका टोपलीत कोंबड्या, आणि मृगाला परत. वर्षाचे आठ महिने तुमचं घर म्हणजे शेतात ठोकलेली जाळी आणि तीन दगडांची चूल. सहा वर्षांपूर्वी अक्काला साखर निघाली आणि पुढं गोळ्यांवर भागेना झालं, तेव्हा डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लावून दिलं. इन्सुलिनची बाटली गार राहायला लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती रानात राहत नाही. बाटली राहिली तर अक्का वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या तांड्याबरोबर, चालणार, नाही राहिली तर तिला उमरग्यात माझ्या घरी राहावं लागणार, जिथं भिंतीला पिन आहे आणि पिनेला फ्रीज आहे. आपल्या दोघांतला सगळा झगडा एवढ्याचाच होता.

गेल्या वर्षीच्या एप्रिलात बाटल्या नासल्या. तुम्ही त्या ओल्या फडक्यात गुंडाळून तांब्यात ठेवल्या होत्या. अक्का आठ दिवस नासलेलं औषध टोचून घेत होती आणि कुणाला कळलं नाही. मेंढरांच्या मधोमध ती पडली. तुम्ही तिला पाठीवर घेऊन हायवेपर्यंत आलात आणि आडवे झोपलात. शब्दशः. डांबरावर. एक वाळूचा टिप्पर करकचून ब्रेक लावत थांबला, ड्रायव्हर शिव्या देत उतरला, तुम्ही उठून त्याची गचांडी धरलीत आणि अक्काला केबिनमध्ये चढवलंत. उमरग्याच्या दवाखान्यात मीटरवर आकडाच आला नाही, मीटरला मोजता येत नाही एवढं वर गेलं की येतं ते इंग्रजी अक्षर आलं.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आल्यावर मी तुम्हाला व्हरांड्यात सांगितलं, "अक्का आता माझ्याकडं राहील." मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तुमचा ठोसा दिसलाच नाही मला. भिंतीवर आपटलो, खालचा ओठ दातानं फाटला. नर्स म्हणाली, "चला, इथंच टाके घालून घ्या, बाहेर शोधायला नको." तीन टाके पडले. त्या वेळी माझं डोकं दोन्ही हातांनी कुणी धरून ठेवलं होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुमच्या तळव्यांना मेंढीच्या लोकरीचा वास होता.

टाके झाल्यावर तुम्ही म्हणालात, "तिला तुमच्याकडं ठिवली तर म्या बोलू कुणाशी? मेंढरं ऐकत्यात, बोलत न्हाईत."

फ्रीजची कल्पना तुमचीच. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढं लोक म्हणाले की पेपरवाल्या मेव्हण्यानं नसतं खूळ डोक्यात घातलं. दवाखान्यासमोर, हायवेच्या कडेला, एक लांबपल्ल्याचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरनं केबिनमधल्या पेटीतून पाण्याची बाटली काढली आणि बाटलीला दव होतं. तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून त्याच्या केबिनमध्ये चढलात.

"कशावर चालतंय?"

"गाडीच्या बॅटरीवर, मामा."

"घोड्याच्या चालल का?"

"घोड्याला बॅटरी असती का?"

"लावली तर असती," तुम्ही म्हणालात.

मी फ्रीज मागवला. बारा व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला, दोन हातांत धरून उचलता येईल एवढा. त्याला कॉम्प्रेसर चालू असताना पंचेचाळीस वॅट लागतात, दिवसातला अर्धा-अधिक वेळ तो बंद असतो, तेव्हा बॅटरी केवढी लागेल याचं गणित मी तुम्हाला कागदावर करून दाखवलं. तुम्ही कागद उलटा धरला होता. मग विचारलंत, "दोन दिस ढग आले तर?" माझ्या गणितात ढग नव्हते.

पहिली बॅटरी चुकीची निघाली, आणि ती चूक आपण दोघांनी मिळून केली. उमरग्यातल्या एका मेकॅनिककडून ट्रकची वापरलेली अॅसिडची बॅटरी घेतली आणि तांबड्या घोडीच्या अंगावर बांधली. बॅटरी गाडीत सरळ उभी असते. घोडी नाल्यात उतरते. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या उतारावर बॅटरी कलली, बुचातून अॅसिड गळलं आणि घोडीच्या कुशीवरून खाली ओघळलं. मी त्या दिवशी तुमच्याबरोबर होतो. घोडी किंचाळते हे मला माहीत नव्हतं. तिनं लाथेनं धाकट्याचा गुडघा फोडला, कोंबड्यांच्या टोपलीवर पाय देऊन दोन कोंबड्या चिरडल्या आणि सगळं बिऱ्हाड अंगावर घेऊन पाण्यात आडवी झाली. तुम्ही तिच्या मानेवर बसलात आणि अक्कानं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकावी इतक्या सहज, घोडीच्या कुशीवर भांड्यांसाठी बांधून आणलेली राख ओतली, मग पाणी, मग पुन्हा राख. कातडं विताएवढं गेलं. फ्रीज मात्र पाण्यातही चालू होता. अक्का म्हणाली, "ह्याला काय बी झालं न्हाय. मारायचं ते माणसाला मारतंय."

नंतर बंद डब्याची लिथियम बॅटरी आणली. तिसऱ्या हिश्श्याचं वजन, उलटी धरली तरी गळत नाही. सोबत शंभर वॅटचं पॅनल. मी म्हणालो, मुक्कामी पोचल्यावर उन्हात मांडा. तुम्ही ते चालता-चालता घोडीच्या ओझ्यावर आडवं बांधलंत, कारण दिवस चालण्यात जातो आणि ऊनही दिवसाच असतं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मात्र पॅनलवर कोंबडी बसायची. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनलचा जोर जातो, हे तुम्हाला चार दिवसांत कळलं आणि मला ते तुमच्याकडून कळलं. "कोंबडी बसली की लाल दिवा," तुम्ही फोनवर सांगितलंत. "कोंबडी खाल्ली की हिरवा."

घोंगडीवरून आपण महिनाभर भांडलो. पाण्याच्या घागरीला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं, म्हणून तुम्ही फ्रीजला ओली घोंगडी गुंडाळायचात. फ्रीजच्या बाजूला जाळी असते, तिथून तो आतली उष्णता बाहेर टाकतो. घोंगडीनं ती जाळी बुजली. कॉम्प्रेसर तापून अखंड चालत राहिला आणि बॅटरी उजाडायच्या आत संपली. मी सांगितलं, घोंगडी काढा. तुम्ही म्हणालात, "उन्हात उघडा ठिवू? लेकराला ठिवशाल का?" मी ओरडलो. तुम्ही फोन ठेवलात. पुढच्या आठवड्यात आलो तेव्हा चार काठ्या रोवून, फ्रीजपासून हातभर उंच, घोंगडीचं छत केलं होतंत. जाळी मोकळी, सावली पूर्ण. माझं बरोबर होतं आणि तुमचंही. यातला दुसरा अर्धा मी तेव्हा बोललो नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात अक्काची साखर ताळ्यावर आली. वाडा शेतात बसवायचा तर शेतकऱ्याशी आधी बोलणं होतं. रात्रभर मेंढरं बसली की शेताला खत मिळतं आणि शेतकरी ज्वारी देतो, ही जुनी रीत. तुम्ही तिच्यात एक कलम वाढवलंत. ढगाळ असलं की म्हणायचात, "ज्वारी थोडी कमी द्या, पर वस्तीवरची एक पिन द्या." लोक हसायचे. एकानं विचारलं, "मेंढरं चार्जिंगला लावता का?" तुम्ही म्हणालात, "न्हाय, मालकीण." आणि त्या माणसानं अक्काकडं बघून खरंच पिन दिली.

तुम्ही संत नव्हता, ते लिहायलाच हवं. गोफणीच्या दगडानं तुम्ही एकाचं मनगट मोडलं होतंत, आणि तो माणूस फक्त ओरडत होता, त्याच्या हातात काही नव्हतं. धाकट्याला तुम्ही चाबकानं मारल्याचं मी पाहिलंय. मेंढरं सोडून वरातीत नाचायला गेला म्हणून. अक्कावर कधी हात उचललात का, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "एकदा. मंग म्या उचलला. मंग न्हाय." तुमच्या रानात बोलणं आणि मारणं यांच्यात अंतर कमी असतं. मी ते अंतर बातमीच्या भाषेत मोजत आलो : शाब्दिक चकमक, बाचाबाची, हाणामारी, जीवघेणा हल्ला.

आता त्या दिवसाबद्दल.

त्या शिवारात महिनाभर सोलर पंपांची चोरी चालली होती. आधी केबल गेल्या, मग एका शेतातली पॅनलंच बोल्ट तोडून नेली. गावातली पोरं मोटारसायकलवर गस्त घालत होती. तुम्हाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, दोन बातम्या माझ्याच हातून गेल्या होत्या. तुम्हाला फोन करून सांगावं, हे सुचलं नाही.

दुपारी अक्का दळण घेऊन गावातल्या गिरणीवर गेली होती. धाकटा मेंढरं पाझर तलावाच्या पाण्यावर घेऊन गेला होता, दोन शेतं पलीकडं. तुम्ही एकटे, पड जमिनीत. पॅनल उन्हात मांडलेलं, फ्रीज छताखाली. चार मोटारसायकली आल्या. सात माणसं, आरोपपत्रात आठ येतील, एखादं नाव वाढतंच. पुढचं मी तिघांच्या जबाबांवरून आणि धाकट्यानं लांबून पाहिलेल्यावरून जुळवलं आहे.

"पॅनल कुणाचं?"

"माझं."

"तुझं? मेंढक्याचं? पावती दाव."

"पावती पाव्हण्याकडं हाय. उमरग्याला."

ती माझ्याकडंच होती. वॉरंटी माझ्या नावावर होती म्हणून टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवली होती. तुम्ही मला फोन लावलात. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. कॉल चौतीस सेकंदांचा आहे, माझ्या फोनमध्ये तसाच ठेवलाय. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, जरा ह्या लोकांशी बोला." मग फोन दुसऱ्याच्या हातात गेला. तरुण आवाज. फार रागावलेला नव्हता. त्यानं विचारलं, "हा माणूस कोण लागतो तुमचा?"

'माझे दाजी आहेत.' तीन शब्द पुरे होते. मी म्हणालो, "मी पत्रकार बोलतोय. आधी तुमचं नाव सांगा. गाव कुठलं?"

अनोळखी माणूस फोनवर आला की पहिला प्रश्न नाव. कुणी माहिती देतो म्हणालं, कुणी धमकी दिली, कुणी रडत असलं तरी. त्या पोरानं फोन तोंडापासून लांब धरला आणि मागच्यांना सांगितलं, "पेपरवाला हाय. नाव इचारतोय." फोन बंद झाला.

मी तीनदा लावला. मग खणातून पावती काढली, तिचा फोटो घेतला आणि तुमच्या नंबरवर पाठवला. पाठवून झाल्यावर आठवलं की तुमच्या फोनवर फोटो जात नाही. तुमचा फोन साधा, बटणांचा. मग पोलिसांना फोन केला आणि गाडीला किक मारली.

धाकटा म्हणतो, तोवर कुणी तुम्हाला हात लावला नव्हता. जबाबांत आहे की फोन बंद झाल्यावर त्यांच्यात कुजबुज झाली. नाव छापून यायच्या आत माल जप्त करून ठाण्यात द्यावा, असं काहीतरी. एकानं पॅनल उचललं. तुम्ही उचलू दिलंत. एकानं बॅटरीची वायर उपसली, तेही बघत राहिलात. मग एकानं फ्रीजला लाथ घातली. झाकण उघडलं, तीन बाटल्या मातीत घरंगळल्या आणि एक बुटाखाली फुटली. तेव्हा तुमची काठी उठली. त्या पोराचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पहिला फटका तुमचा होता. हे फिर्यादीत नाही, बातमीतही नाही.

त्यानंतर सहा ते सात मिनिटं. धाकटा धावत येत होता, पण नांगरलेल्या रानातून दोन शेतं म्हणजे थोडं अंतर नाही. तुम्ही खाली पडल्यावर गुडघ्यांवर आलात आणि फ्रीजवर पालथे झालात. बोटं तिथं गेली, झाकण आणि पाइप यांच्यामध्ये. कुत्री दोघांना चावली. एक कुत्रं दगडानं जागीच मेलं. डोक्याचा घाव शेवटी बसला, तो कुणी घातला हे सातही जण दुसऱ्यावर ढकलतात. ते पळाले तेव्हा एक मोटारसायकल सुरू होईना, तिला दोघं ढकलत नेत होते. हेही धाकट्यानं पाहिलं.

मी पोचलो तेव्हा अक्का पिठाचा डबा मांडीवर घेऊन तुमच्या डोक्याशी बसली होती. रडत नव्हती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऊन लागतंय ह्यांच्या तोंडावर." मी सावली धरली. माशा रक्तावर नव्हत्या, फुटलेल्या बाटलीच्या ओलीवर होत्या.

पंचनामा झाला : एक सोलर पॅनल फुटलेलं, एक बॅटरी, एक लहान फ्रीज झाकण वाकलेलं, दोन काचेच्या बाटल्या द्रवासह, रक्तानं माखलेली काठी, आणि तुमच्या पिशवीतले तेरखेड्याच्या फटाक्यांतले दोन सुतळी बॉम्ब, लांडग्यांसाठी ठेवलेले. हवालदारानं विचारलं, हे कशाला? धाकटा म्हणाला, "जनावराला भ्या दाखवायला." सगळं सील होऊन मुद्देमालाच्या खोलीत गेलं. मी पंच म्हणून सही केली. बाटल्या दोन, असं मी स्वतः वाचून सही केली.

पुढचे तीन दिवस मी धावत होतो. शवविच्छेदन, फिर्याद, अटका, माती, जिल्ह्याहून आलेले नेते. अक्का गावी, बायकांच्या घोळक्यात. चौथ्या दिवशी सकाळी ती उलट्या करू लागली. बायका म्हणाल्या, दुःखानं पोटात काही ठरत नाही. मी जवळ गेलो तर तिच्या श्वासाला नासक्या फळाचा वास होता. तो वास मला त्या एप्रिलपासून ओळखीचा आहे. उमरग्याच्या त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद?" मी म्हणालो, "गुरुवारी दुपारी तीन वीसपासून." त्यांना वाटलं, मी घड्याळ लावून लक्ष ठेवलं होतं.

ती वाचली, दाजी. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

नंतर बारा दिवस ती माझ्या घरी होती. तुम्ही ज्याला नको म्हणत होता तेच झालं, आणि माझ्या म्हणण्याप्रमाणं सगळं व्यवस्थित होतं. फ्रीजच्या दारात बाटल्या, वेळेवर सुई, डाएटचा कागद. ती खिडकीजवळ बसायची. दुसऱ्या दिवसापासून बोलणं कमी झालं, आठव्या दिवसापासून थांबलं. साखर उत्तम होती. माझ्या बायकोनं विचारलं, "अक्का, काय हवंय?" तर म्हणाली, "काय बी न्हाय. तुमच्या घरी कशाला काय लागतंच न्हाय." तेराव्या दिवशी तिनं लुगडी पिशवीत भरली.

मी म्हणालो, दाजी नाहीत, उन्हाळा डोक्यावर आहे, मृगाला अजून वेळ आहे. ती म्हणाली, "मेंढ्या याल्यात. धाकट्याला एकट्याला कोकरं कशी झेपतील?" मी म्हणालो, इन्सुलिनचं काय? "फ्रीज सोडवून आण की. पेपरात हायस ना?"

कोर्टानं फ्रीज आणि बॅटरी हमीपत्रावर परत दिली, गरज लागेल तेव्हा हजर करायच्या अटीवर. झाकण वाकलेलंच आहे, फटीतून गारवा जातो, म्हणून कडेला रबरी पट्टी चिकटवली. पॅनल नवं घेतलं. वाडा होता तिथं जीपनं गेलो. मी वायरी जोडायला बसलो तर धाकट्यानं हात धरला. "पॅनल आधी न्हाय, पाव्हणं. आधी बॅटरी, मंग पॅनल. दादा म्हणायचा, उन्हाला आधी बसायला जागा द्या, मंग आत बोलवा." मला हे माहीत होतं, पुस्तिकेत आहे. तुम्ही कुणाला शिकवून ठेवलंत हे माहीत नव्हतं.

अक्का घोडीवर ओझं आवळत होती. तांबड्या घोडीच्या कुशीवर त्या अॅसिडच्या जागी केस पांढरे आलेत. तिथंच मी अक्काला सांगितलं. फोन आला होता, चौतीस सेकंद, पोरानं काय विचारलं, मी काय विचारलं. बातमी सांगावी तसं, क्रमानं. तिला तोवर एवढंच माहीत होतं की तुमचा फोन लागला नाही. मीच तसं सांगितलं होतं.

तिनं गाठ मारली. ती सोडून पुन्हा मारली.

"मंग सांगितलं का त्यानं नाव?"

"नाही."

"आता ठाव झालं ना तुला? सगळ्यांची नावं?"

"हो."

"मंग जा," ती म्हणाली. "मेंढरं पाण्यावर न्यायचीत."

ती मला कधी असं 'जा' म्हणाली नव्हती. मी जीपमध्ये बसलो. मागं पाहिलं तेव्हा वाडा निघाला होता. पॅनल घोडीवर, धाकटा पुढं, अक्का तुमची काठी नसल्यामुळं रिकाम्या हातांनी मागं. काठी कोर्टात आहे, ती सुटणार नाही.

ठरलं असं होतं की रोज सकाळी फ्रीजच्या काचेवरचा आकडा मला कळवायचा. दोन ते आठच्या मध्ये असला तर बाटल्या शाबूत. अक्काला अक्षर येत नाही, आकडे येतात. पण ती फोन करायची नाही. धाकटा करायचा. "पाच," म्हणायचा आणि ठेवायचा. कधी "चार." एके दिवशी "नऊ" म्हणाला आणि मी गाडी काढेपर्यंत पुन्हा फोन आला, झाकण नीट बसलं नव्हतं, आता सहा. मागं मेंढरांचा गलका ऐकू यायचा. अक्काचा आवाज एकदाही नाही. विचारलं तर धाकटा म्हणायचा, "हाय की. चालतीया."

दाजी, तुम्हाला जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. तुमच्याशी भांडायचं बरंच राहून गेलंय, त्यातलं निम्मं आता अक्काशी होईल, तिनं होऊ दिलं तर. तुमच्या तोंडावर सावली धरून उभा असताना आणि पोलीस यायचे असताना मला तुमचे आभार मानायचे होते, त्या तीन टाक्यांच्या वेळचे. तेव्हा मी पंचनाम्यासाठी अंतरं डोळ्यांनी मोजत होतो.

आज सकाळी साडेसात वाजता फोन आला नाही. आठला आला नाही. मी पायात चपला घालून दारात उभा होतो. साडेआठला धाकट्याच्या नंबरवरून वाजला. मी उचलला. पलीकडं वारा होता आणि एक कोकरू ओरडत होतं.

"सहा हाय," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "तू खाल्लंस का काय?"